फिरते स्नॅपशॉट: 'काल दुपारी तीन वाजताची फाईल' परत कशी आणायची?

पेवातला_पेंग्विन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या मामांची हळदीची अडत आहे. मी नोकरी दुसरीकडे करतो, पण पेढीवरचा कॉम्प्युटर सहा वर्षांपासून माझ्या गळ्यात आहे. त्यावर डेबियन लिनक्स आहे आणि दोन डिस्क आहेत. कामाची फाईल सांबावरून (नेटवर्कवर फोल्डर वाटून देणारा प्रोग्राम) तीन टेबलांना दिसते. रोज रात्री साडेनऊला क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) उठतो, आरसिंक (फोल्डरची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवतो आणि पहिल्या डिस्कवरचा हिशेबाचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब उतरवतो. '--डिलीट' लावलेलं, म्हणजे इकडे पुसलं की तिकडेही पुसणार. मी निर्धास्त होतो.

ऐन हंगामात, सौदे जोरात चालू असताना, आमच्या दिवाणजींनी शेतकऱ्यांच्या पट्ट्यांची शीट नावाप्रमाणे लावली. लावली म्हणजे काय, तर फक्त नावांचा कॉलम निवडून सॉर्ट मारला. लिबरऑफिस विचारतं, बाजूचे कॉलम पण घेऊ का. त्यांनी 'नको' म्हटलं. नावं अकारविल्हे बसली. पोती, वजन, दर, हमाली, तोलाई जिथल्या तिथे. सेव्ह. शीट दिसायला इतकी नीटनेटकी की कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वाळव्याकडचे एक शेतकरी पट्टी घेऊन आले आणि म्हणाले, "मालक, माझी चौदा पोती होती, इथं एकतीस लिहिल्यात. पैसं द्याचं असलं तर द्या, पण ती माझी न्हाईत."

असा प्रामाणिक माणूस पहिला आला हे आमचं नशीब. पण तोवर माझ्या बॅकअपने दोन रात्री इमानेइतबारे ती बिघडलेली फाईल चांगल्या फाईलवर उतरवली होती. माझ्याकडे एकाच चुकीच्या दोन प्रती होत्या. मग दिवाणजी, मी आणि मामेभाऊ, तिघांनी दोन रात्री तोलाईच्या कागदी चिठ्ठ्यांवरून सगळं परत चढवलं. दिवाणजी एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हा ठरवलं की 'काल' नको, 'काल दुपारी तीन', 'परवा', 'गेल्या सोमवारी' असं सगळं हवं. प्रत्येक वेळी ३८ जीबीची पूर्ण प्रत ठेवायला जागा कुठली? त्यावरचा जुना, बिनखर्चाचा उपाय म्हणजे हार्डलिंक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिनक्समध्ये फाईलचं नाव आणि फाईल या दोन वेगळ्या गोष्टी. खरी फाईल म्हणजे आयनोड: मालक कोण, परवानगी काय, डेटा डिस्कवर कुठे. नाव ही फक्त त्या आयनोडकडे बोट दाखवणारी चिठ्ठी. एका आयनोडला अनेक चिठ्ठ्या असू शकतात, आणि सातबारावर चार भावांची नावं असावीत तशी त्यातली कुठलीच 'मूळ' नसते. आपण 'आरएम' (पुसायची कमांड) करतो तेव्हा एक चिठ्ठी फाटते. शेवटची फाटली की मगच जागा मोकळी होते.

तर युक्ती अशी. कालच्या स्नॅपशॉटमधल्या (म्हणजे त्या वेळच्या जशाच्या तशा प्रतीतल्या) ज्या फाईली आजही तशाच आहेत त्यांची नवी प्रत करायची नाही, नुसती आणखी एक चिठ्ठी लावायची. बदललेल्या तेवढ्या फाईली नव्याने लिहायच्या. प्रत्येक तारखेचा फोल्डर उघडला की आत सगळं संपूर्ण दिसतं, पण जागा फक्त फरकाची लागते. आरसिंकमध्ये याची सोय आहे (कमांड देवनागरीत लिहितोय, टाईप करताना रोमनमध्ये करा हे सांगायला नकोच):

आरसिंक -ए --डिलीट --लिंक-डेस्ट=/साठा/ताजा /पेढी/हिशेब/ /साठा/अर्धवट/

'ताजा' ही शेवटच्या यशस्वी स्नॅपशॉटकडे नेणारी सिमलिंक (शॉर्टकट). काम नीट संपलं तरच 'अर्धवट'चं नाव बदलून तारीख-वेळ करायची, 'ताजा' त्याच्याकडे वळवायचा, आणि मग जुने पुसायला घ्यायचे. दिवसातून पाच वेळा घेतो: ११, १, ३, ५, ७. हे पाचही दोन दिवस राहतात, मग दिवसाचा शेवटचा तेवढा चौदा दिवस, मग आठवड्याचा एक असे आठ. आणि ३१ मार्चचा कधीच पुसायचा नाही, हा मामांचा नियम.

सध्या ३१ स्नॅपशॉट आहेत आणि सगळे मिळून ५१ जीबी झालेत.

तीन आठवडे चाललंय. पण मी या कामात स्वयंभू आहे, म्हणून इथे टाकतोय. कुठे फसेन ते सांगा.

---

मिरजेची_तार

छान लिहिलंय. सॉर्टचा किस्सा वाचून पोटात गोळा आला, आमच्याकडे हजेरीपटाचं हेच झालंय.

एक शंका. 'ताजा'मधली फाईल आणि आजची फाईल एकाच आयनोडवर असतील, तर उद्या फाईल बदलली की आरसिंक तीच फाईल बदलणार ना? मग जुन्या सगळ्या स्नॅपशॉटमध्येही बदल दिसेल.

---

डेबियनदादा

@मिरजेची_तार, प्रश्न बरोबर आहे, पण तसं होत नाही. आरसिंक जुन्या फाईलवर लिहीत नाही. बाजूला तात्पुरत्या नावाने नवी फाईल तयार करतं आणि पूर्ण झाल्यावर ते नाव जुन्या नावाच्या जागी आणून बसवतं. नवा आयनोड, नवी चिठ्ठी. जुन्या चिठ्ठ्या जुन्या आयनोडकडेच बोट दाखवत राहतात.

हे मोडायचा एक रस्ता आहे: '--इनप्लेस'. वेग वाढेल म्हणून कुणी तो पर्याय लावायला सांगितला तर या रचनेत लावू नका. आधीच्याशी जोडलेली फाईल तिथल्या तिथे बदलली गेली तर इतिहासच बदलतो, आणि तोही गुपचूप.

धागाकर्त्याला दोन प्रश्न. एक, मूळ डिस्क माउंटच झाली नाही (सिस्टिमला जोडलीच गेली नाही) तर तुमची स्क्रिप्ट काय करते? दोन, स्नॅपशॉट दिवाणजींना लिहिता येतात का?

---

पेवातला_पेंग्विन

दादा, दुसऱ्याचं उत्तर लाजत देतो. मी /साठा सांबावर टाकलाय, त्यांना स्वतःला जुनी फाईल उघडता यावी म्हणून. परवानग्या मूळ फाईलसारख्याच उतरतात, म्हणजे... हो, लिहिता येतं.

पहिल्याचा विचारच केला नव्हता.

---

डेबियनदादा

मग दोन्ही आजच्या आज बघा.

दिवाणजी 'गेला सोमवार' उघडतील, त्यात एक आकडा 'दुरुस्त' करतील आणि सेव्ह करतील. काही प्रोग्राम नवी फाईल करून नाव बदलतात, काही त्याच फाईलवर लिहितात. दुसऱ्या जातीचा निघाला तर ज्या ज्या स्नॅपशॉटमध्ये ती फाईल न बदलता जोडलेली आहे, त्या सगळ्यांत तो आकडा बदलला. एकतीस फोल्डर दिसतील, माणूस निवांत राहील, आणि फाईल मात्र एकच.

म्हणून साठ्याची डिस्क एरवी फक्त-वाचन माउंट ठेवा. स्क्रिप्टने सुरुवातीला 'रिमाउंट' करून लिहिण्याजोगी करायची, शेवटी परत फक्त-वाचन. तेवढ्या पाच-दहा मिनिटांची फट राहते, ती सांबाच्या शेअरवर 'रीड ओन्ली' लावून बुजवा. सांबात शॅडो-कॉपी-टू नावाचं मॉड्यूल आहे. ते लावलं आणि फोल्डरची नावं त्याला कळतील अशी ठेवली, की विंडोजवाल्या टेबलाला फाईलवर उजवी टिचकी मारून 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मध्ये जुन्या प्रती दिसतात. दिवाणजींना वेगळा फोल्डर शिकवायला नको.

आता पहिलं, आणि हे जास्त वाईट. समजा सकाळी मूळ डिस्क चढलीच नाही. /पेढी/हिशेब हा फोल्डर आहे पण रिकामा. आरसिंकला वाटतं मालकाने सगळं पुसलं. तो रिकामा स्नॅपशॉट घेतो, 'यशस्वी' म्हणतो, तुमची स्क्रिप्ट त्याला तारीख देते आणि सर्वात जुना पुसते. दिवसाला पाच वेळा. फिरती पद्धत आहे, चूकही फिरत राहते. कुणी दोन आठवडे बघितलं नाही तर चांगल्या दिवसांच्या प्रती एकेक करून बाहेर पडल्या.

उपाय साधा: मूळ फोल्डरमध्ये एक निशाणी फाईल ठेवा, 'मी_आहे' म्हणून. ती दिसली नाही तर स्क्रिप्टने काहीही न करता थांबायचं. साठ्याच्या डिस्कवरही तशीच एक, नाहीतर ती डिस्क चढली नसताना सिस्टिमच्या ड्राइव्हच्या पोटातच ३८ जीबी ओतले जातात.

---

गणपती_पेठ_४१६४१६

आम्ही पेठेतले. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या दुकानात काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. माझ्याकडे बॅकअप होता हो. रोजचा. दुसऱ्या डिस्कवर. ती डिस्क त्याच डब्यात होती आणि डबा टेबलाखाली होता.

तुमची एकतीस की एकशे एकतीस स्नॅपशॉट, सगळी एका पत्र्याच्या डब्यात आहेत ना? मग माझ्या हिशेबी ती एकच आहे.

---

हरिपूरकर

पेठवाले भाऊ बरोबर बोलले. धागाकर्त्याने नाव 'पेवातला' घेतलंय म्हणून सांगतो. आमच्या हरिपूरची पेवं म्हणजे जमिनीखालचे हळदीचे कोठार. कीड लागत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते, व्यापारी डोळे मिटून माल ठेवायचे. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं. कीड न लागण्याचा गुण पाण्यापुढं काय करणार?

पेव वाईट होतं असं नाही म्हणत. सगळा माल पेवात होता, एवढंच.

---

पेवातला_पेंग्विन

नावाचा असा हिशेब होईल असं वाटलं नव्हतं :)

दोघांचंही पटलं. स्नॅपशॉट दिवाणजींच्या चुकीसाठी, पुरासाठी नाही. ते दुसरं काम आहे, त्याकडे येतो. आधी दादांच्या दोन गोष्टी आज रात्री करतो.

---

नवशिकी_विटा

मी लिनक्स मिंट वापरते. त्यात टाइमशिफ्ट आयतं आलंय, दोन बटणं दाबली की रोज स्नॅपशॉट घेतं. मग एवढी स्क्रिप्ट कशाला लिहायची? खोचक नाही, खरंच विचारतेय.

---

मिरजेची_तार

टाइमशिफ्ट मिंटमध्ये १८.३ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे आणि आतून तेही आरसिंक आणि हार्डलिंकच वापरतं. (डिस्कवर बीटीआरएफएस ही फाईलसिस्टिम असेल तर तिचे स्वतःचे स्नॅपशॉट.) पण ते सिस्टिमसाठी आहे. अपडेटने घाण केली की मागे जायचं, यासाठी. आपोआप बसवल्यावर ते 'होम' वगळतं, कारण सिस्टिम मागे नेताना तुमची कालची कागदपत्रंही मागे जाऊ नयेत. ताई, तुमचे फोटो त्यात असतील असं समजून बसला असाल तर आधी तपासा.

---

नवशिकी_विटा

तपासलं. नव्हते. 😐

---

रूट_पाटील

लई भारी धागा. आमचा अनुभव टाकतो, हसू नका.

मीबी असंच केलं. दुकानातनं नवी बाहेरची दोन टीबीची डिस्क आणली, लावली, स्क्रिप्ट चढवली. डेटा १५० जीबी. पंधरा दिवस बघितलंच न्हाय. बघतो तर डिस्क फुल्ल! म्हटलं हार्डलिंकला जागा लागत न्हाय म्हणत्यात आणि ह्यो काय प्रकार. चार दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, डिस्कवरची फाईलसिस्टिम (फाईली मांडायची पद्धत) एक्सफॅट हाय. तिथं हार्डलिंक व्हतच न्हाय! बिचारा आरसिंक दरखेपेला समदं नव्यानं लिहीत व्हता.

लिनक्सची ईएक्सटी४ करून घेतली, मग सुरळीत. विंडोजला लावली तर वाचत न्हाय आता, पण ते चालतंय.

---

डेबियनदादा

हसण्यासारखं काही नाही पाटील, निम्म्या लोकांचं हेच होतं. बाजारातल्या बहुतेक बाहेरच्या डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस येतात. आणि हार्डलिंक एकाच फाईलसिस्टिमच्या आतच होते, एका डिस्कवरून दुसरीकडे नाही, हेही लक्षात असू द्या.

याचाच भाऊ: '--लिंक-डेस्ट'ला सापेक्ष पत्ता दिला तर तो जिथे लिहायचं त्या फोल्डरपासून मोजला जातो, तुम्ही उभे आहात तिथपासून नाही. चुकला तर आरसिंक एक ओळ कुरकुर करतं आणि सगळं नव्याने उतरवून मोकळं होतं. धागाकर्त्याने पूर्ण पत्ता दिलाय, तेच बरं. लिंक झाल्यात की नाही हे बघायला 'एलएस -एलआय' करा. पहिला आकडा आयनोडचा. दोन तारखांच्या फोल्डरमध्ये न बदललेल्या फाईलचा तो आकडा सारखा आला पाहिजे. आणि जागा मोजताना 'डीयू'ला सगळे फोल्डर एकाच कमांडमध्ये द्या, म्हणजे सामायिक फाईल तो एकदाच मोजतो. वेगवेगळे विचारलेत तर प्रत्येक ३८ जीबी सांगेल आणि तुम्ही घाबराल.

---

कर_सल्लागार_विश्रामबाग

आमच्या कार्यालयात हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, ते लिनक्सवर आभासी यंत्रात चालतं. त्याची डिस्क म्हणजे ६० जीबीची एकच फाईल. या पद्धतीने रोज फक्त बदललेला भागच साठेल ना? आरसिंक बदललेले तुकडे ओळखतं असं वाचलंय.

---

मिरजेची_तार

नाही साहेब, इथे गल्लत होते. तुकडे ओळखण्याची करामत नेटवर्कवरून पाठवताना कमी पाठवावं म्हणून आहे. एकाच मशिनवर दोन डिस्कमध्ये काम असेल तर आरसिंक ती वापरतही नाही, सरळ पूर्ण फाईल उतरवतो. आणि नेटवर्कवर वापरली तरी पलीकडे नवी फाईल पूर्ण आकाराचीच बनते. हार्डलिंकचं एकक फाईल आहे. ६० जीबीत एक अक्षर बदललं तरी नवी ६० जीबी. दोन टीबीची डिस्क असली तरी महिन्याभरात भरेल.

त्यातून चालू यंत्राची फाईल उचलली तर सुरुवातीचा भाग तीन वाजताचा आणि शेवटचा तीन वाजून सात मिनिटांचा असा जोड निघतो. तो चालेलच असं नाही. डेटाबेसचंही तेच: मारियाडीबीच्या फाईली तशाच उचलू नका, आधी डंप (सगळा डेटा एका फाईलमध्ये) काढा आणि डंपचा स्नॅपशॉट घ्या.

तुमच्यासाठी: आभासी यंत्राच्या आतून कंपन्यांच्या डेटाचा फोल्डर बाहेर शेअरवर काढा आणि त्याचेच स्नॅपशॉट घ्या. विंडोज परत टाकता येतं, क्लायंटचं वर्ष परत टाकता येत नाही.

---

कोअर_डंप

सगळे २००३ मध्ये का अडकलात? बीटीआरएफएस २००९ पासून कर्नलमध्ये आहे. सबव्हॉल्यूम करा, 'स्नॅपशॉट -आर', क्षणात काम. फक्त-वाचन आपोआप, ६० जीबीच्या फाईलमधलाही बदललेला तुकडाच वेगळा राहतो, आणि 'स्नॅपर' सगळं फिरवणं-पुसणं बघतो. झेडएफएस तर त्याहून जुनी आणि मुरलेली. हार्डलिंकचं जंगल कशाला?

---

पेवातला_पेंग्विन

@कोअर_डंप, मुद्दा मान्य आहे. नवी पेढी उघडली असती तर कदाचित तेच केलं असतं. फोल्डरचं नुसतं नाव बदललं तरी माझ्याकडे आतलं सगळं नव्याने उतरतं, हे मीही अनुभवलंय.

पण माझी अडचण मशिनची नाही, माणसांची आहे. मी सांगलीत महिन्यातून दोनदा असतो. उद्या हे मशिन गेलं तर मामेभाऊ ही डिस्क काढून कुठल्याही लिनक्सला लावेल आणि त्याला तारखांचे साधे फोल्डर दिसतील. सबव्हॉल्यूम म्हणजे काय, हे त्याला फोनवर समजावायला लागू नये. आणि तुमचे स्नॅपशॉट मूळ डिस्कवरच राहतात. डिस्क गेली की सगळं गेलं. दुसरीकडे न्यायला 'सेंड-रिसीव्ह' करावंच लागतं, म्हणजे स्क्रिप्ट काही सुटली नाही.

---

कोअर_डंप

मामेभावाच्या मुद्द्यावर काही बोलू शकत नाही. ठीक आहे.

---

डेबियनदादा

अवांतर: सांबा आणि आरसिंक, या धाग्यातले दोन्ही आधार, मुळात अँड्र्यू ट्रिजेल या एकाच ऑस्ट्रेलियन माणसाने सुरू केले. सांबा १९९२, आरसिंक १९९६ (त्यात पॉल मॅकेरास सोबत). २००५ मध्ये त्यांनी बिटकीपरचं (लिनक्स कर्नलच्या कोडच्या आवृत्त्या तेव्हा ज्यात ठेवत तो प्रोग्राम) प्रोटोकॉल उलगडायला घेतलं, त्यावरून वाद झाला, कर्नलवाल्यांना ते फुकट वापरायची मुभा गेली आणि लिनस टोरवाल्ड्सने त्याच कामासाठी गिट लिहिलं. म्हणजे फाईलच्या जुन्या आवृत्त्या सांभाळायच्या आपल्या बहुतेक साधनांच्या मागे हा गृहस्थ कुठे ना कुठे उभा आहे.

---

सातारी_माची

वाचत होतो, आता लिहितो. लोडशेडिंगचं कुणी बोललंच नाही. क्रॉन ठरल्या वेळी मशिन बंद असेल तर ती वेळ सोडून देतो, नंतर भरून काढत नाही. ॲनाक्रॉन भरून काढतो पण त्याचं माप दिवसाचं, तासाचं नाही. सिस्टिमडीचा टायमर लावा आणि 'पर्सिस्टंट' चालू ठेवा. वीज आल्यावर मशिन उठलं की राहिलेलं काम लगेच होतं. आणि 'फ्लॉक' (एका वेळी एकच काम चालू देणारं कुलूप) लावा, नाहीतर तीनचं काम लांबलं तर पाचचं त्याच्या अंगावर चढतं.

दुसरं, आरसिंक २४ नंबर देऊन संपला तर घाबरू नका. यादी केल्यानंतर काही फाईली गायब झाल्या एवढाच त्याचा अर्थ. लिबरऑफिसच्या कुलूप-फाईली सतत येतात-जातात, त्यामुळे हा रोज दिसेल. त्या वगळाच. २३ आला तर मात्र काहीतरी खरंच उतरलेलं नाही. त्या स्नॅपशॉटला तारीख देऊ नका.

आणि पुराचं म्हणाल तर, मी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहतो. कृष्णा आमचीही, पण इथवर ती चढत नाही. घरी जुनं मशिन चोवीस तास चालू असतं. एखादी डिस्क ठेवायला माझी हरकत नाही. मात्र तुमच्या मशिनला माझ्या मशिनवर लिहू देणार नाही. माझं मशिन तुमच्याकडून ओढून घेईल. तुमच्याकडे एखादा खंडणीखोर व्हायरस शिरला तरी त्याच्या हातात माझी किल्ली नको.

---

पेवातला_पेंग्विन

माचीसाहेब, हे इतक्या सहज म्हणालात, बरं वाटलं. मामांना विचारतो. शेतकऱ्यांची नावं, रकमा, बँक खाती आहेत, त्यामुळे डिस्क कूटबद्ध करूनच देईन. पहिली ३८ जीबी नेटवरून नको, डिस्क गाडीत घालून आणतो. सांगली-सातारा सव्वाशे किलोमीटर, आमच्या लाईनपेक्षा एसटीच लवकर पोचेल. पुढे रात्री रोजचा फरक तेवढा ओढा.

जुने एकतीसही पाठवायचे का?

---

सातारी_माची

नको. सगळे एकदम पाठवायचे तर '-एच' लावावं लागतं, नाहीतर लिंका तुटून पलीकडे एकतीस पूर्ण प्रती होतात. आणि '-एच'ला सगळ्या आयनोडांची यादी लक्षात ठेवावी लागते, लाखो फाईली असल्या की माझं चार जीबी रॅमचं म्हातारं धापा टाकेल. ताजा तेवढा ओढतो, इकडचा इतिहास इकडे नव्याने साठेल. ३१ मार्चचा तेवढा वेगळा द्या.

---

गणपती_पेठ_४१६४१६

आमचं आता असं आहे: पुलाची पाणीपातळी ४० फूट झाली की इशारा, ४५ ला धोका. आम्ही ३५ लाच डिस्क काढून विश्रामबागेत बहिणीकडे नेतो. ऑटोमॅटिक काही नाही, बायको मोबाईलवर पातळी बघते.

---

पेवातला_पेंग्विन

दोन आठवड्यांनंतरची खबर.

निशाणी फाईल, फक्त-वाचन, फ्लॉक, टायमर, सगळं झालं. डिस्क साताऱ्यात पोचली. पेढीवर मुद्दाम नाटक केलं: पट्ट्यांची एक जुनी शीट दिवाणजींकडून पुसवली (त्यांचा हात थरथरत होता) आणि त्यांनाच 'काल ३ वाजता'मधून परत आणायला लावली. पहिल्या फटक्यात आली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे आधी असतं तर..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, मीही.

मग दादांनी सांगितलेली परीक्षा. निशाणी फाईल हलवली. स्क्रिप्ट थांबली, बरोबर. पण मला कळलं कसं? कळलंच नाही! स्क्रिप्टमध्ये मी मोठ्या तोऱ्यात 'चूक झाली तर ईमेल' लिहिलं होतं आणि त्या मशिनवर ईमेल बाहेर पाठवणारं काही बसवलेलंच नाही. म्हणजे खरी डिस्क निसटली असती तरी मी पुण्यात बसून सगळं ठीक आहे असंच समजलो असतो.

ईमेल लावेन सवडीने. तोवर साधं केलं. प्रत्येक यशस्वी स्नॅपशॉटनंतर स्क्रिप्ट डेस्कटॉपवरच्या चित्रात मोठ्या अक्षरात तारीख आणि वेळ लिहिते. दिवाणजी सकाळी गादीला, तराजूला आणि कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळतात, ती त्यांची चाळीस वर्षांची सवय. त्यांना सांगितलं, ओवाळताना तेवढी तारीख बघायची. कालच्या संध्याकाळी सातची नसली तर मला फोन.

आज सकाळी सव्वादहाला फोन आला. "परवाचं दिसतंय." मामेभावाने उघडून बघितलं, साठ्याच्या डिस्कची केबल ढिली झाली होती.

---

डेबियनदादा

केबल बदला, नुसती दाबून ठेवू नका. आणि डिस्कची स्मार्ट चाचणी (डिस्कने स्वतःची तब्येत तपासणं) एकदा लांबवाली चालवा.

---

रूट_पाटील

दिवाणजींना रूटचा पासवर्ड तेवढा देऊ नगा म्हंजे झालं.